२२७, २३६, पुन्हा २२७: मुंबईच्या एका नकाशाचं प्रकरण

२९ जुलै २०२२ रोजी मुंबई महापालिकेच्या ओबीसी आरक्षणाची सोडत निघाली. २३६ प्रभागांपैकी ६३ राखीव झाले. कुणाचा वॉर्ड पडला, कुणाचा वाचला. वॉर्ड पडला की इच्छुक माणूस काय करतो हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे: आधी बायकोचं किंवा वहिनीचं नाव पुढे करता येतं का बघतो, नाहीतर शेजारचा वॉर्ड चाचपायला लागतो. ही चाचपणी नीट सुरूही झाली नव्हती, तोच ३ ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की प्रभाग २३६ नाहीत, २२७च. दुसऱ्या दिवशी अध्यादेश निघाला. सोडत तर गेलीच, पण ती ज्या नकाशावर काढली होती तो नकाशाही गेला.

निर्णय घेणाऱ्या सरकारचे मुख्यमंत्री होते एकनाथ शिंदे. नऊ महिन्यांपूर्वी २२७चे २३६ करायचं ठरलं तेव्हा नगरविकास मंत्री कोण होते? एकनाथ शिंदे. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं, आता शिंदे-फडणवीसांचं. खातं तेच, माणूस तोच, लोकसंख्येचे आकडेही तेच २०११चे.

हे प्रकरण बहुतेक वेळा ‘बघा, कसे फिरले’ म्हणून सांगितलं जातं आणि तिथेच संपतं. मला त्यात दुसरंच काही दिसतं. प्रभागरचनेचं राजकारण म्हटलं की आपण रेषा बघतो: अमुक चाळ इकडून तिकडे का टाकली, तमुक झोपडपट्टी मधोमध का चिरली. त्यात तथ्य असतंच. पण मुंबईच्या या प्रकरणात रेषेपेक्षा आकडा मोठा ठरला आणि आकड्यापेक्षा वेळ मोठी ठरली. नकाशा कोणाच्या फायद्याचा होता याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही, कारण २३६च्या नकाशावर मतदान झालंच नाही. नकाशा बदलत राहिल्याने मात्र मुंबई तीन वर्षं दहा महिने नगरसेवकांविना राहिली.

रेषा कशी पडते

आधी एक घोळ निस्तरतो. मुंबईत ‘वॉर्ड’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक प्रशासकीय विभाग: ए, बी, सी, जी दक्षिण, आर उत्तर वगैरे. २०२२मध्ये हे २४ होते. दुसरा निवडणुकीचा प्रभाग, जिथून एक नगरसेवक निवडून येतो. लोक दोन्हींना वॉर्डच म्हणतात. इथे गोंधळ नको म्हणून पहिल्याला विभाग आणि दुसऱ्याला प्रभाग म्हणतो.

प्रभागाचा कच्चा माल म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट. एका प्रगणकाने मोजायची घरं, ढोबळमानाने सहाशे-सातशे माणसं. प्रभाग या गटांच्या विटा रचून उभा राहतो आणि वीट शक्यतो फोडायची नाही असा दंडक आहे. एकूण लोकसंख्येला प्रभागांच्या संख्येने भागायचं, जी सरासरी येईल तिच्या दहा टक्के वर किंवा खाली चालतं. हद्द शक्यतो रस्ता, नाला, नदी, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल अशा डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींवरून न्यायची. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो तोडायच्या नाहीत. क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात आणि दक्षिणेला संपतात. म्हणून एक नंबर दहिसरला आणि शेवटचा कुलाब्याकडे.

महापालिकेत मसुदा बघायला गेलात तर नकाशापेक्षा त्यासोबतचं वर्णन वाचा. ‘अमुक मार्ग व तमुक नाल्याच्या छेदनबिंदूपासून नाल्याच्या मध्यरेषेने पूर्वेकडे, तेथून रेल्वेमार्गापर्यंत, तेथून दक्षिणेकडे...’ अशी एकेका प्रभागाची चतुःसीमा. वाचायला रुक्ष, पण सगळं राजकारण त्या ‘तेथून’मध्ये आहे. नाल्याच्या मध्यरेषेने जायचं की नाल्यालगतच्या रस्त्याने, यात मधल्या पट्टीवरची झोपडपट्टी इकडची तिकडे होते. नियम दोन्हींना परवानगी देतो. नालाही दिसतो, रस्ताही दिसतो.

अशा पट्टीने काय होतं? २०१७च्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२०मध्ये भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. बरोबरी. चिठ्ठी टाकून निकाल लागला आणि शाह निवडून आले. त्या प्रभागाच्या कडेचा एक प्रगणक गट, फक्त एक, शेजारच्या प्रभागात गेला असता किंवा तिथून आला असता, तर चिठ्ठीची वेळ येण्याची शक्यता जवळपास नव्हती. सहाशे माणसांत काहीशे मतं होतात आणि ती दोन्हीकडे अगदी समसमान पडणं अवघडच. प्रत्येक प्रभाग इतका काठावर नसतो. पण माजी नगरसेवक मसुद्याच्या कागदावर बोट ठेवून गल्ली-गल्ली का मोजत बसतात, ते यावरून कळावं.

हरकती-सूचनांचं सांगायचं तर कागदावर तो नागरिकांचा हक्क आहे. प्रत्यक्षात हरकत घेणारे बहुतांशी आजी-माजी नगरसेवक, इच्छुक किंवा त्यांनी पुढे केलेले कार्यकर्ते असतात. सामान्य मतदाराला आपण कोणत्या प्रभागात आहोत हे मतदानाच्या आठवड्यात स्लिप हातात पडल्यावर कळतं.

६३चे ५६

२०२१कडे जाण्याआधी २०१७ची रचना बघायला हवी, कारण पुढचा प्रत्येक पक्ष तिच्याच नावाने काही ना काही बोलला.

२००१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,१९,७८,४५० होती. पैकी बेट शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ३३,३८,०३१. नगरसेवक २२७. भागाकार करा: प्रभागामागे सुमारे ५२,७६८ माणसं, आणि शहराच्या वाट्याला ६३ प्रभाग. २०११च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या १,२४,४२,३७३ झाली, पण शहराची घटून ३०,८५,४११वर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं बेटावरून कमी झाली आणि उपनगरांत सात लाखांहून जास्त वाढली. नगरसेवक २२७च ठेवले तर सरासरी ५४,८१२ येते आणि शहराला ५६ प्रभाग मिळतात.

२०१७ला नेमकं तेच झालं. शहराचे सात प्रभाग गेले. पश्चिम उपनगरांत १०२, पूर्व उपनगरांत ६९. तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते, भाजपच्या जागा ३१वरून ८२वर गेल्या, शिवसेना ८४वर थांबली. प्रभागरचनेनेच भाजपला तारलं असं सांगणारे आजही भेटतात. मला हे पटत नाही. शहराच्या सात जागा कमी होणं हे साध्या त्रैराशिकातून आलेलं होतं. आणि ८२चं मोठं कारण समोर दिसतंय: २०१२ला भाजप शिवसेनेशी युतीत मोजक्या जागा लढली होती, २०१७ला दोघं वेगळे लढले. जास्त जागा लढवल्या की जास्त जिंकता येतात. रेषांची गडबड झालीच नाही असं मी म्हणत नाही. पण ५१ जागांची उडी रेषांनी मारता येत नाही.

गिरणगावाच्या दृष्टीने मात्र या सात जागा निव्वळ आकडा नव्हत्या. गिरण्या बंद पडल्या, चाळी पुनर्विकासात गेल्या, माणसं दहिसर-विरार-डोंबिवलीकडे सरकली, आणि त्यांच्यामागून नगरसेवकाची खुर्चीही सरकली. मुंबईत शिवसेनेची शाखा प्रभागाला बांधलेली असते, शाखेच्या पाटीवर क्रमांक असतो. प्रभाग एकमेकांत विलीन झाले की दोन शाखांच्या भांडणाला तोंड फुटतं आणि क्रमांक बदलला की पाटी रंगवावी लागते. ही पाटी रंगवण्याची पाळी पुढच्या आठ-नऊ वर्षांत वारंवार येणार होती.

नऊ जागा आल्या कुठून?

नोव्हेंबर २०२१मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने नगरसेवकांची संख्या २२७वरून २३६ केली. नवी जनगणना झाली नव्हती. २०२१ची करोनामुळे पुढे ढकलली होती. मग नऊच का? आठ का नाहीत, बारा का नाहीत?

उत्तर २०११च्याच आकड्यात आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबईची लोकसंख्या ३.८७ टक्क्यांनी वाढली. २२७ला त्याच प्रमाणात वाढवा: २३५.८. म्हणजे २३६. जुन्या जनगणनेतली वाढ २०१७ला जागांमध्ये उतरली नव्हती, ती आता उतरवली असा हा हिशोब. गणित म्हणून तो चुकीचा नाही. आधीही संख्या वाढत आलीच होती: १९८५ला १७०, १९९२ला २२१, २००२ला २२७. पण दहा वर्षं जुना आकडा निवडणुकीच्या तोंडावर आठवला, हे कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. नऊ जागांची वाटणीही कशी, तर शहराला तीन, पश्चिम उपनगरांना तीन, पूर्व उपनगरांना तीन. देवळातल्या प्रसादासारखी.

शहराला तीन हे गणितात बसतं. नवी सरासरी ५२,७२२, त्याने शहराची लोकसंख्या भागली तर ५८.५ येतात, वर गेलात की ५९. म्हणजे ५६ अधिक तीन. भाजपने आरडाओरडा केला की ही वाढ शिवसेनेच्या सोयीची आहे. भाजपच्या दोन नगरसेवकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, तिथे त्यांना यश आलं नाही. काँग्रेस तर सरकारातच होती, तरी तिचेही नेते या रचनेवर नाराज होते. मिलिंद देवरा तेव्हा काँग्रेसमध्ये होते आणि ही रचना रद्द करा म्हणून त्यांनी पुढे नव्या सरकारला साकडं घातलं.

आता ज्या गोष्टीकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, तिच्यावर थोडं थांबतो.

सरकारी भाषेत नऊ प्रभाग ‘वाढले’. वर्तमानपत्रांतही तसंच. पण प्रभाग वाढतो म्हणजे काय? मुंबईच्या कडेला नवी जमीन जोडलेली नाही. आहेत त्याच माणसांतून नवा प्रभाग काढायचा, म्हणजे आजूबाजूच्यांचे लचके तोडायचे. जुनी सरासरी ५४,८१२, नवी ५२,७२२, फरक २,०९० माणसांचा. समजा सगळे प्रभाग एका रांगेत उभे आहेत आणि प्रत्येकाला नव्या सरासरीवर नेमकं आणायचंय. पहिला प्रभाग दुसऱ्याला २,०९० माणसं देईल. दुसऱ्याकडे आता आधीचे जादा आणि हे, तो तिसऱ्याला ४,१८० देईल. बाराव्यापर्यंत येईतो पुढे ढकलायची माणसं पंचवीस हजारांवर जातात, म्हणजे जवळजवळ निम्मा प्रभाग. पंचविसाव्याच्या पुढे एक अख्खा नवा प्रभाग तयार होतो. या हिशोबाने नऊ जागा वाढवायच्या तर सगळ्या मुंबईचा नकाशा उसवावा लागतो.

पण नियम तसं करायला लावतो का? अजिबात नाही. दहा टक्क्यांची सूट आहे. नव्या सरासरीवर दहा टक्के म्हणजे ५,२७२, तर प्रभाग ४७,४५० ते ५७,९९४ यांत कुठेही चालतो. जुन्या सरासरीचा ५४,८१२चा प्रभाग त्यात आरामात बसतो, एक रेषाही न हलवता. नऊ प्रभागांचा एक विभाग घ्या, प्रत्येकी ५४,८१२. त्याचे दहा केले तर प्रत्येकी ४९,३३१ येतात, तेही मर्यादेत. असे नऊ विभाग निवडले तर बाकीचे पंधरा विभाग हातही न लावता राहू शकले असते. अर्थात २०१७चे सगळे प्रभाग सरासरीवर नव्हते. काही जुन्या मर्यादेत साठ हजारांपर्यंत गेलेले असू शकत होते, त्यांना कात्री लावावीच लागली असती. पण ती थोड्यांना.

म्हणजे ‘आकडा वाढला म्हणून रेषा हलवाव्या लागल्या’ हे अर्धसत्य आहे. आकडा वाढला म्हणून रेषा हलवायची मुभा मिळाली, हे जास्त खरं. दहा टक्क्यांची सूट ही नकाशा कमीत कमी बिघडावा म्हणून वापरता येते, आणि हवा तिथे हवा तसा बिघडवण्यासाठीही वापरता येते. नियमाच्या पुस्तकात दोन्ही सारखंच कायदेशीर. रचना मनाजोगती करायची असेल त्याने रेषांवर भांडू नये, संख्या बदलून घ्यावी. संख्या बदलली की प्रत्येक रेषेला हात लावायचं कारण आपोआप मिळतं.

क्रमांकांचं तर विचारूच नका. दहिसरकडून मोजत येताना पहिला नवा प्रभाग लागला की तिथून पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात, दुसरा लागला की दोनने. पुन्हा पाट्या.

पेन कोणाच्या हातात

१ फेब्रुवारी २०२२ला २३६ प्रभागांचा मसुदा प्रसिद्ध झाला. तोवर रिवाज असा होता की आयुक्तांनी आराखडा करायचा आणि राज्य निवडणूक आयोगाने तो तपासून मंजूर करायचा. आयोग म्हणजे काही आकाशातून पडलेली संस्था नव्हे, तरी निदान ती मंत्रालयाचं खातं नाही.

मग मार्च आला. ओबीसी आरक्षणाचा तिढा होता. ४ मार्च २०२१च्या विकास गवळी प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की ओबीसींसाठी वेगळा आयोग नेमा, इम्पिरिकल डेटा (त्यांच्या मागासलेपणाची प्रत्यक्ष आकडेवारी) गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा, मगच ओबीसींना जागा. डेटा नव्हता. ओबीसींना वगळून निवडणूक घ्यायची कुठल्याच पक्षाची छाती नव्हती. निवडणूक तर तोंडावर. ७ मार्च २०२२ला विधिमंडळाने कायदा केला की प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घ्यावा. दोन्ही सभागृहांत एकमताने. भाजप विरोधी बाकांवर होती, तिनेही हात वर केले. त्याच दिवशी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि ८ मार्चपासून आयुक्त इक्बालसिंह चहल प्रशासक झाले.

या प्रकरणातला सगळ्यात टिकाऊ बदल मला विचाराल तर हा. २३६ आले आणि गेले. पेन मात्र मंत्रालयात गेलं ते गेलंच. ते नेलं महाविकास आघाडीने, ओबीसींसाठी वेळ मिळावा म्हणून. चार महिन्यांनी आघाडीचं सरकार पडलं आणि तेच पेन समोरच्यांच्या हाती आयतं आलं. आपण विरोधात असू तेव्हा हा कायदा कोण वापरेल, हा प्रश्न त्या दिवशी सभागृहात एकालाही पडू नये, याचं मला नवल वाटत राहिलं आहे.

४ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने खडसावलं: ११ मार्चच्या, म्हणजे नवा कायदा अमलात येण्याच्या, आधी झालेली रचना धरा आणि दोन आठवड्यांत निवडणुकीची तयारी जाहीर करा. मग मेच्या मध्यात निवडणूक आयोगाने २३६चा नकाशा अंतिम केला, ३१ मेला पहिली सोडत निघाली. ओबीसींशिवाय. २० जुलैला न्यायालयाने ओबीसींच्या डेटासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारला, म्हणून २९ जुलैला ओबीसींसाठी पुन्हा सोडत. आणि ३ ऑगस्टला सगळंच रद्द. अंतिम झालेला नकाशा तीन महिनेही जगला नाही.

नव्या सरकारचं म्हणणं सरळ होतं. संख्या वाढवायची तर नव्या जनगणनेवर वाढवा, ती झालेली नाही, तेव्हा २२७ बरोबर. हेही गणित म्हणून चुकीचं नाही! एका बाजूने २०११ची वाढ मोजून २३६ येतात, दुसऱ्या बाजूने नवी जनगणना नाही म्हणून २२७ राहतात. दोन्ही बाजूंकडे स्वच्छ, सुटसुटीत कारण. कारण स्वच्छ असलं म्हणजे हेतूही स्वच्छ असतो असं नाही, पण न्यायालयात कारणच तपासलं जातं.

ठाकरेंच्या शिवसेनेच्या माजी नगरसेवकांनी २२७ला आव्हान दिलं. १७ एप्रिल २०२३ला उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. आधी २३६ला आव्हान देणारे हरले, आता २२७ला आव्हान देणारे हरले. विसंगती वाटते, पण नाही. किती नगरसेवक असावेत हा विधिमंडळाचा अधिकार, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेडजीप्रमाणे प्रभागरचनेच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाटच जवळजवळ बंद केलेली आहे. नकाशा वाईट आहे हे पटवून न्यायालयात जिंकता येत नाही. म्हणून सगळे पक्ष कोर्टात रडतात, पण जोर सत्तेत असताना लावतात.

वाट पाहणं

२२ ऑगस्ट २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला. पाच आठवड्यांसाठी. तो लांबत लांबत ६ मे २०२५पर्यंत गेला.

या काळात महापालिकेत काय चाललं होतं ते एका दृश्यात सांगता येईल. अर्थसंकल्प आयुक्ताने स्थायी समितीला सादर करायचा असतो. स्थायी समिती नाही. तेव्हा फेब्रुवारी २०२३मध्ये ५२,६१९ कोटींचा अर्थसंकल्प सादर झाला तो प्रशासकाला, आणि प्रशासक म्हणजे आयुक्त चहलच. पुढच्या वर्षी ५९,९५४ कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी, भूषण गगराणी आयुक्त असताना, ७४,४२७ कोटी. देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचे तीन अर्थसंकल्प एकाही निवडून आलेल्या माणसाच्या हाताखालून गेले नाहीत. नाला तुंबला, पाणी आलं नाही, तर माणूस विभाग कार्यालयात अर्ज टाकणार किंवा आमदाराकडे जाणार. माजी नगरसेवक ‘माजी’ पाटीखाली बसत राहिले, पण त्यांच्या सहीला कागदावर किंमत नव्हती.

ही ढकलाढकल कोणाच्या सोयीची? सुरुवातीला सगळ्यांच्याच. ओबीसींचा प्रश्न कोणालाच अंगावर घ्यायचा नव्हता. जून २०२२मध्ये शिवसेना फुटल्यावर हिशोब बदलला. ज्याच्या हाती राज्य सरकार, त्याच्या हाती प्रशासक. ज्याच्या हाती प्रशासक, त्याला घाई नसते. आणि नगरसेवकपद नसलेल्या माजी नगरसेवकांना पक्ष बदलायला तीन वर्षं मोकळी मिळाली. ठाकरेंकडून शिंदेंकडे गेलेल्यांची रांग आपण पाहिलीच. नकाशाने कुणाचं भलं केलं हे मोजता येत नाही, पण नकाशा नसण्याने कुणाचं केलं हे डोळ्यांनी दिसत होतं.

६ मे २०२५ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. १० जूनला नगरविकास विभागाने प्रभागरचनेचा आदेश काढला, मार्च २०२२च्या त्याच कायद्याखाली. आयुक्ताचा मसुदा आता आधी नगरविकास विभागाकडे जाणार आणि मग आयोगाकडे. संख्या २२७, लोकसंख्या २०११ची, ढाचा बहुतांशी २०१७चा. २२ ऑगस्टला मसुदा आला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरवली. ११ नोव्हेंबरला वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात सोडत निघाली: अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती २, ओबीसी ६१, खुले १४९, आणि निम्म्या जागा महिलांना. १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं. भाजप ८९, उद्धव ठाकरेंची शिवसेना ६५, शिंदेंची २९, काँग्रेस २४.

२३६चा नकाशा राहिला असता तर? या प्रश्नावर रात्रभर गप्पा मारता येतात. २०२२ला शिवसेना एक होती की दोन, हेच ठरत होतं. त्या गोंधळात नऊ प्रभागांचा परिणाम शोधणं म्हणजे भरतीच्या पाण्यात बादली ओतून पातळी मोजणं.

मोजता येण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. २०२६चे मतदार सुमारे १ कोटी ३ लाख. त्यांचे प्रभाग मात्र २०११च्या माणसांवर आखलेले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचं काम त्यानंतर सुरू झालं. लालबाग-परळमध्ये टॉवर उभे राहिले. संक्रमण शिबिरात गेलेली कितीतरी कुटुंबं अजून संक्रमणातच आहेत. प्रगणक गटाच्या यादीत ती सगळी पंधरा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर राहतात. प्रभागांची लोकसंख्या कागदावर दहा टक्क्यांच्या आत आहे. मतदारयादी फोडून प्रभागवार लावली की शेजारशेजारच्या प्रभागांच्या मतदारसंख्येत कितीतरी जास्त तफावत निघते, आणि त्यावर हरकत घ्यायला जागा नाही, कारण नियम मतदार मोजत नाही.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आत्ताच्या नगरसेवकांची मुदत २०३१च्या सुरुवातीला संपेल, म्हणजे पुढची रचना नव्या आकड्यांवर होईल. बेटावरची लोकसंख्या आणखी घटली की टॉवरांनी परत भरली, यावर शहराचे प्रभाग ५६ राहतात की पन्नासच्याही खाली जातात ते ठरेल. नगरसेवक २२७च ठेवायचे की वाढवायचे, हे मात्र जनगणना ठरवणार नाही. ते तेव्हा मंत्रालयात जो कोणी बसलेला असेल तो ठरवेल.